मंगळवार-शुक्रवारचं खोकं

शिंदखेडा,
२ एप्रिल २०२५

चि. सौ. पुनम हिस,
अनेक आशीर्वाद.

इकडे मी खुशाल आहे. तुम्हा तिघांची खुशाली स्वप्नीलच्या फोनवरून कळतेच, तरी विचारायची रीत म्हणून विचारते. पाडव्याला गुढी उभारली, कडुनिंब खाल्ला. ऊन आत्ताच असं आहे की दुपारी ओट्यावर पाय ठेववत नाही. शीतलला टोपी घालून शाळेत पाठवत जा.

फोन असताना सासूबाई पत्र का लिहितात, असं तुला वाटेल. फोनवर मी बोलते आणि तू "हो आई" म्हणतेस. माझं बोलून होईपर्यंत सात-आठ वेळा "हो आई" होतं आणि तुझ्या मनात काय आहे ते मला कळतच नाही. पत्राला मध्येच "हो आई" म्हणता येत नाही, शेवटपर्यंत वाचावं लागतं.

स्वप्नील म्हणाला की तू काल दवाखान्यात राजीनामा दिलास. तीस तारखेपर्यंत नोटीस, मग घरी. मी नोकरी सोड असं म्हटलं नव्हतं, हे आधी लिहून ठेवते. मी म्हटलं होतं की ते खोकं बंद होईपर्यंत जळगावला पिंप्राळ्याच्या आपल्या घरात पाऊल ठेवणार नाही. शिवरात्रीनंतर म्हटलं आणि शब्द पाळला. आता तुझं म्हणणं असं की नोकरी करून रोजचा सगळा स्वयंपाक हाताने करणं होत नाही, तेव्हा नोकरीच सोडते. ठीक आहे, तुझा निर्णय. घरात बाई असली की घराला घरपण राहतं असं लोक म्हणतात, आणि लोक सगळंच काही चुकीचं म्हणत नाहीत.

पण मी एवढी का तापले ते तुला सांगायला हवं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दारात पुठ्ठ्याचं खोकं. आत चिरलेला कांदा एका पिशवीत, लसूण दुसऱ्या पिशवीत, मसाला पुडीत, शेव पुडीत. वर गुळगुळीत कागदाचं कार्ड: शेवभाजी, वेळ वीस मिनिटं. पायरी पहिली, कढईत तेल तापवा. पुनम, तेल तापवायचं हेसुद्धा छापून यावं लागतं? उद्या त्याच्याही आधीची पायरी येईल, शेगडी कुठे आहे ते शोधा. चार माणसांचं म्हणून येतं आणि स्वप्नीलची तिसरी भाकरी कोरडीच जाते. कोथिंबिरीच्या चार काड्यांना एक वेगळी पिशवी. नवरा-बायको दोघं कामाला जातात, वेळ नाही, सगळं मान्य. मीही तीस वर्षं अंगणवाडी केली. चाळीस पोरांची खिचडी उरकून घरी यायचे आणि सहा माणसांच्या भाकरी थापायचे. मला कुणी खोकं पाठवलं नाही.

आणि त्यातली ती मसाल्याची पुडी. माझा काळा मसाला बरणी भरून घरात असताना विकतची पुडी फोडायची, हे मला फार लागलं. आख्ख्या भाऊबंदकीत वच्छलाबाईचा मसाला म्हणतात. दर उन्हाळ्यात बारा घरी भेट म्हणून माझा वानोळा जातो. पाचोऱ्याची तुझी आतेसासू कोकिळा तर डबा आधीच घासून ठेवते. आणि माझ्याच घरात माझा मसाला फळीवर बसून राहतो. मी काही बोलले नाही असं नाही, चारचौघांत बोलले, आणि ते तुला लागलं असेल तर लागू दे म्हटलं.

बाकी विशेष काही नाही. परवा शेजारच्या सुंदरबाईने उगाच गल्ली गोळा केली. म्हणे माझा गॅस नुसताच चालू राहिला होता. बटण जरा सैल झालंय, दुसरं काही नाही. बाई मनाने चांगली, पण आवाज असा की बसस्टँडपर्यंत जावा. हे स्वप्नीलला सांगू नकोस, तो लगेच गाडी काढून येईल.

मी आखाजीला येते. तुमच्या कॅलेंडरात अक्षय्य तृतीया असते ती, तीस तारखेला. येताना वर्षभराचा मसाला घेऊन येते. मिरच्या आणून वाळवल्या आहेत, धने निवडून झाले. पुढच्या आठवड्यात भाजायला काढते. मग तू घरी, मी घरी, आणि त्या खोकेवाल्याला दुसरं दार शोधू दे.

शीतलला पापा.

तुझी सासू,
वच्छलाबाई


शिंदखेडा,
१२ एप्रिल २०२५

चि. पुनम,
आशीर्वाद.

आधीचं पत्र पोचलं असेल. ते फाडून टाक. नको, राहू दे. मी काय काय लिहिलं होतं ते मलाच एकदा वाचायला पाहिजे.

हे पत्र गल्लीतल्या जीवरामभाऊंच्या हाती देते आहे. ते उद्या सकाळच्या गाडीने जळगावला निघालेत. पोस्टाला चार दिवस लागतात आणि तुझ्या नोटिशीचे दिवस चाललेत. तू घरी नसलीस तर दवाखान्यात जाऊन तुझ्याच हातात द्या, असं त्यांना बजावलं आहे.

तीन कागद फुकट घालवले. आता जसं झालं तसंच सांगते.

गुरुवारी मसाला भाजायला काढला. सुंदरबाई मदतीला आली. मिरच्या झाल्या, धने झाले, मग खोबरं घेतलं. ओटीत आलेल्या खोबऱ्याच्या वाट्या मी पत्र्याच्या पेटीत साठवते हे तुला माहीत आहे. कुणाचं लग्न, कुणाचं डोहाळजेवण, वर्षानुवर्षं येतच असतात. ओटीचं खोबरं टाकायचं नसतं, म्हणून मसाल्यात घालायचं, माझ्या सासूबाईही तेच करायच्या. मी किसायला बसले तर सुंदरबाईने वाटी माझ्या हातातून काढून घेतली आणि नाकाशी धरली.

"वच्छला, हाई खोबरं कोठेनं शे?"

"ओटीनं शे. पेटीमा व्हतं."

"अवं, बठ्ठं खवट व्हई जायेल शे. तुले वास येत नही का?"

"येस ना," मी म्हटलं. "जरासा."

ती आत गेली, बाहेर आली, मला म्हणाली, "डोया झाक." मी डोळे मिटले. तिने काहीतरी माझ्या नाकाशी धरलं. "काय शे हाई, सांग." मी खूप ओढून वास घेतला आणि म्हटलं, जिरं. डोळे उघडले तर हातात हिंगाची डबी, झाकण उघडलेलं.

"कवयपासून शे असं?" तिने विचारलं.

"दोन वरीस व्हयनात," मी म्हटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं.

पुनम, ते खरं आहे. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात मला तो ताप आला होता, तू रजा काढून घरी सलाइन लावलं होतंस, त्यानंतर मला वास येत नाही. मोगऱ्याचा नाही, रॉकेलचा नाही, शीतलच्या डोक्याला लावलेल्या तेलाचा नाही. तिखट, मीठ, आंबट तेवढं जिभेला कळतं. बाकीचा स्वयंपाक मी डोळ्यांनी आणि सवयीने करत आले. खोबऱ्याचा रंग बघून भाजायचं, कांद्याची कड बघून उतरवायचं. कुणाला कळत नाही असं मला वाटायचं. आणि सांगितलं का नाही, तर लाज वाटली. ज्या बाईचा मसाला बारा घरी जातो तिला वासच येत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

मग सुंदरबाईने मागच्या वर्षीचा मसाला मागितला. शिवरात्रीनंतर मी रागारागाने घर सोडलं तेव्हा बरणीतला अर्धा मसाला बरोबर घेऊन आले होते, तुम्हाला त्याची किंमत नाही म्हणून. तिने झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं.

"हाई मसाला तू बठ्ठासले दिन्हा?" सगळ्यांना वाटलास का, असं ती विचारत होती.

"तुलेबी दिन्हा व्हता ना," मी म्हटलं.

"दिन्हा व्हता," ती म्हणाली. "मी उकिरडावर टाका. वानोळाले कोन नाव ठेवस, बहीन?"

वर्षभराचा मसाला. त्याच पेटीतलं खोबरं. मागच्या वैशाखात केलेला, बारा घरी वाटलेला आणि आपल्या घरात रोज खाल्लेला.

रोज नाही खाल्ला. तेच सांगते. त्या दिवशी नुसतं आठवत बसले. तू काही खोक्यावर स्वयंपाक करत नव्हतीस. खिचडी तू करायचीस, भरीत तू करायचीस, वरण-बट्टी तू केलीस, कळण्याच्या भाकरी सकाळी साडेपाचला उठून थापल्यास आणि मग ड्युटीवर गेलीस. खोकं यायचं ते मंगळवारी आणि शुक्रवारी. ते दोन वार आपल्या घरात मसाल्याच्या भाजीचे. शेवभाजी, पाटोड्या, भरली वांगी. ज्या भाजीत माझा मसाला पडणार तेवढीच भाजी तू बाहेरून मागवत होतीस. आठ महिने माझ्या डोळ्यांसमोर हे चाललं होतं आणि मी मोजत होते कोथिंबिरीच्या पिशव्या.

स्वप्नीलला फोन केला. "तुला माहीत होतं?" तो म्हणाला, "आई, मी तुला सांगणार होतो. पुनमने सांगू दिलं नाही. म्हणाली, आता अंगणवाडी नाही, नाना गेल्यापासून जोडीदार नाही, मसाल्यासाठी तरी चार माणसं आईंना विचारतात. ते काढून घेऊ नका. दोन दिवसांचं बाहेरून मागवू, मला म्हणतील आळशी, म्हणू देत."

हे तो बोलला आणि मी फोन ठेवला.

तू नर्स. तुला पहिल्या महिन्यातच कळलं असणार. मी ओट्यापासून हलले की तू गॅसचं बटण बघायचीस. नासलेलं दूध न बोलता ओतून द्यायचीस आणि मी म्हणायचे, ही सून दूध किती उडवते.

आता माघातलं बोलते. पाचोऱ्याला कोकिळाच्या हितेंद्रची हळद होती. पंगतीत वाढताना कोकिळा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या वहिनींची सून घरच्यांना खोक्यातलं खाऊ घालते, लग्न झाल्यावर आमची सून काय आणते बघू." तीस-चाळीस बायका हसल्या. मी पण हसले. नुसती हसले नाही, वर म्हटलं, "खोक्यात एक दिवस आयती सूनसुद्धा येईल." तुझ्या हातात वरणाचं भांडं होतं. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि पुढच्या पानावर वाढायला गेलीस. तुझ्या जागी मी असते तर त्या क्षणी सगळ्या पंगतीला सांगितलं असतं की ही म्हातारी आम्हाला खवट मसाला खाऊ घालते. तू गप्प राहिलीस. मला त्याची लाज वाटते, पुनम. गेले दोन दिवस तेवढंच वाटतं आहे.

लाज वाटून बसून राहणाऱ्यातली मी नाही, हे तुला माहीत आहे. काल सकाळी अंघोळ करून बसले आणि बाराही घरी फोन लावले. पहिला कोकिळाला.

"कोकिळा, मागच्या वर्षीचा मसाला कसा होता?"

"छान होता की, वहिनी. तुमचा मसाला म्हणजे काय."

"खरं सांग. मला वास येत नाही. दोन वर्षं झाली."

ती म्हणाली, "आता विचारलंच म्हणून सांगते. पहिल्याच भाजीला सगळ्यांनी ताटं सरकवली. नंतर नाही वापरला."

"मग पुनमच्या खोक्याला का हसलीस?"

"तुम्ही घरी दारी तिला तेच बोलत होत्या, वहिनी. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

तिला म्हटलं, आता त्या हळदीच्या सगळ्या बायकांना तू सांगायचं, खोकं का येत होतं ते. माझ्या नावाने सांग, काही लपवू नकोस. ती हो म्हणाली. बाकी अकरा घरांचं सांगायचं तर दहा जणींनी मसाला फेकला होता आणि अकराव्या घरी डबा अजून उघडलेलाच नव्हता. एकेकीला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. चौथ्या-पाचव्या फोनपर्यंत जीभ अडखळत होती, नंतर सवय झाली.

आता पुढचं. मी आखाजीची वाट बघत नाही. मंगळवारी दुपारच्या गाडीने येते. स्वप्नीलला स्टँडवर यायला सांग.

आधी खोक्याचा निकाल लावते. मागच्या पत्रात मी ते शेगडी शोधण्याचं वगैरे लिहिलं होतं ना, ते विसर. मी परत एकदा शांत डोक्याने विचार केला. ज्या घरात दोघं आठ-आठ तास बाहेर आहेत, पोरगी चौथीत आहे आणि म्हातारीच्या हातावर विसंबता येत नाही, त्या घराला ते खोकं वाईट नाही. कुणीतरी निवडून, चिरून, मापून दिलं म्हणजे बाईचा तासभर वाचतो, आणि तो तास तुझ्या पायांना हवा आहे, हे मी तुझ्या टाचा बघून तेव्हाच समजायला हवं होतं. वाईट एवढंच की माप शहरी पोटाचं आहे आणि प्लॅस्टिक फार. शिवाय कार्ड लिहिणाऱ्याला भाकरी माहीत नाही.

तर चिरणं आणि मापणं याला नाक लागत नाही. तीस वर्षं चाळीस पोरांच्या पोटाचा अंदाज मी काढला आहे, मापात माझा कुणी हात धरणार नाही. रविवारी मी बसते. स्टीलचे डबे आहेत घरात, त्यांवर वार लिहू. कांदा-लसूण सोललेलं, वांगी सोडून बाकी भाज्या निवडलेल्या, डाळी धुऊन वाळवलेल्या, शेंगदाण्याचा कूट, सगळं त्या त्या दिवसाचं. तू ड्युटीवरून आलीस की डबा उघडायचा आणि फोडणी टाकायची. कार्ड हवं असेल तर तेही लिहीन, पण तेल तापवा असं नाही लिहिणार. आणि ज्या आठवड्यात माझं गुडघ्याचं दुखणं निघेल किंवा तुझी डबल ड्युटी लागेल, त्या आठवड्यात बिनधास्त ते खोकं मागव. मी स्वतः दार उघडून घेईन.

मसाल्याचं खोबरं जळगावात नवं घेऊ, तू वास घेऊन घे. पेटीतलं सगळं सुंदरबाईच्या देखत फेकलं. ओटीचं खोबरं टाकलं म्हणून काही होत नाही, झालं तर मला होऊ दे. मिरच्या-धने मी आणते. भाजताना तू शेजारी उभी राहायचं. तू बस म्हणालीस की मी कढई उतरवणार, त्याच्या आधी नाही आणि नंतर नाही. यंदा वानोळा जाईल तो सासू-सुनेचा म्हणून जाईल, आणि पुढच्या वर्षी कुणाला आवडला नाही तर त्यांनी तोंडावर सांगायचं, असं मी सगळ्यांना बजावलं आहे.

राहिला तुझा राजीनामा. तुला त्या बाळांच्या वॉर्डचं काम आवडतं. कुठल्या काचेच्या पेटीतल्या बाळाचं वजन किती वाढलं हे तू जेवताना सांगतेस तेव्हा शीतल घास तोंडात धरून ऐकत बसते, मीही ऐकते, फक्त तुला तसं कधी म्हटलं नाही. तुला मनापासून घरी बसायचं असेल तर बस, माझं काही म्हणणं नाही. पण माझ्यासाठी सोडत असशील तर नाही सोडायची. सोबत एक अर्ज लिहून देते आहे. अर्ज लिहायची मला सवय आहे, तीस वर्षं कार्यालयाला तेच केलं. वाच, पटला तर मेट्रन मॅडमना दे. नाही पटला तर ठेवून दे, मंगळवारी मी आल्यावर बोलू. या वेळी तू बोल आणि मी "हो पुनम" म्हणते.

तुझी आई,
वच्छलाबाई


शिंदखेडा, जि. धुळे
दि. १२ एप्रिल २०२५

प्रति,
मा. मेट्रन मॅडम,
नवजात बालक विभाग

विषय : सौ. पुनम स्वप्नील बोरसे, स्टाफ नर्स, यांचा राजीनामा परत मिळणेबाबत.

महोदया,

मी वरील कर्मचारी पुनम बोरसे हिची सासू असून निवृत्त अंगणवाडी सेविका आहे. आपली ओळख नाही तरी हा अर्ज करीत आहे, याबद्दल क्षमा असावी.

पुनमने दि. १ एप्रिल रोजी आपल्याकडे राजीनामा दिला आहे. तो तिने माझ्यामुळे दिला. मला दोन वर्षांपासून कसलाही वास येत नाही. ही गोष्ट मी घरात सर्वांपासून लपवली. ती उघडी पडू नये म्हणून पुनमने आठ महिने आठवड्यातून दोन दिवस बाहेरून तयारीचं खोकं मागवलं, आणि त्यावरून मी तिला आळशी म्हटलं, पाहुण्यांत हिणवलं व घर सोडून निघून आले. मला परत आणण्यासाठी ती नोकरी सोडत आहे. सदर बाब मला परवा समजली.

आपल्याकडे रोज लहान बाळं येतात. त्यांना काय होतंय ते त्यांना सांगता येत नाही, ते बघणाऱ्याला न सांगता ओळखावं लागतं. हे काम पुनमला येतं. ते मी माझ्या घरात बघितलं आहे, म्हणून खात्रीने लिहिते. अशी बाई आपण सोडू नये.

तिची ड्युटी रात्रीची असो वा दिवसाची, घरचं बघायला मी आहे. मंगळवारपासून मी जळगावला येत आहे. शहानिशा करायची असल्यास मला बोलवावे, मी समक्ष येऊन सांगेन.

मी तीस वर्षं असे अर्ज वाचले आणि लिहिले आहेत. राजीनाम्याच्या कागदावर खरं कारण कुणी लिहीत नाही. पुनमनेही "घरगुती कारणास्तव" एवढंच लिहिलं असणार. ते घरगुती कारण मी आहे, आणि मी ते आज मागे घेत आहे.

अर्जदार,
वच्छलाबाई योगराज बोरसे